कुंकू लावलेली मशीन

"जुनं सगळं काढून टाका, म्हणजे नवं बसेल," असं आमच्या शिक्षण संस्थेचे सचिव साहेब मीटिंगमध्ये म्हणाले आणि माझं डोकं सटकलं. माझं डोकं सटकायला फार काही लागत नाही, हे बाभुळगावात कोणीही सांगेल. पण त्या दिवशी कारण रास्त होतं.

आमच्या शाळेच्या ऑफिसात मी मोठी क्लार्क. खिडकीपाशी जी मशीन आहे ती माझी. कॉम्प्युटरला आम्ही सगळे मशीनच म्हणतो. ती जुनी आहे, मान्य. चालू होताना घसा खाकरते, उन्हाळ्यात तिच्या बाजूला टेबलफॅन लावावा लागतो. पण शाळेचा सगळा संसार तिच्यात आहे. मराठी टाइप करायचा जुना प्रोग्राम तिच्यात, आणि त्या प्रोग्रामचं कुलूप म्हणजे एक लहानशी डबी तिच्या पाठीत स्क्रू पिळून बसवलेली. ती डबी काढली तर प्रोग्राम उघडत नाही, आणि आजच्या मशीनला ती बसवायला जागाच नसते. दाखल्याचा नमुना, निकालपत्रकं, सगळं जुन्या ऑफिस प्रोग्राममध्ये मी माझ्या हातानं घडवलेलं. रोज कोणी ना कोणी दारात उभं राहतं, "बाई, दाखला पायजे होता." त्याचं पाणी पिऊन होईस्तोवर मी त्याच्या हातात दाखला ठेवते.

सचिव साहेबांना शाळेची वेबसाइट पाहिजे होती. शेजारच्या तालुक्यातल्या शाळेची झाली, मग आपली काहून नाही, इतकी ती साधी गोष्ट होती. त्यांनी नागपूरहून एक माणूस बोलावला. तो आला, चहा प्याला आणि माझ्या मशीनकडे लांबूनच पाहून म्हणाला, हिला पुसून कोरी करावी लागेल, जुने प्रोग्राम आणि वेबसाइटचं काम एका ठिकाणी नांदत नाहीत. वर हेही म्हणाला की पुढचं सगळं काम आम्ही नागपुरातूनच पाहू, तुमच्या इथं एवढ्या मोठ्या क्लार्कची गरज पडणार नाही.

सचिव साहेब तोडून बोलणारे नाहीत. बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, आपल्या राजूरच्या शाळेत क्लार्क नाही. तुम्ही तिकडं गेल्या तर त्या लोकायची सोय होईन."

राजूर म्हणजे वणीकडचं, कोळशाच्या खाणीचं गाव. गावाशी माझं काही भांडण नाही. पण राजूरहून दुपारच्या सुट्टीत घरी येता येत नाही, आणि घरी माझी आई असते. आई याच शाळेत पहिलीचा वर्ग शिकवायची. आता तिच्या डोळ्यांत फक्त उजेड आणि सावली तेवढी उरली आहे. मी दुपारी जाते, ताट वाढते, तिचा हात धरून भाकर कुठं, भाजी कुठं, ठेचा कुठं ते दाखवते, आणि ती जेवेपर्यंत समोर बसते. शेजारणीनं वाढलं तर "भूक नाही" म्हणते. तिला तिकडं घेऊन जावं, तर या घराच्या भिंती तिच्या हाताला पाठ आहेत. नव्या घरात ती नुसती खाटेवर बसून राहिली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं.

भीती वाटली की मी गप्प बसत नाही, उलट भांडते. मी उठून उभी राहिले. "साहेब, मले दसऱ्यापर्यंत टाइम द्या. जुना एकही प्रोग्राम न काढता मी वेबसाइट करून दाखवतो." आमच्याकडे बायाही करतो-येतोच म्हणतात, मीटिंगमध्ये चिडलेल्या बाया तर जास्तच.

साहेबांनी नागपूरच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठीक हाय. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे सोनं द्यायला येतात. तेव्हा हॉलमध्ये पडद्यावर दाखवू. झालं तर चांगलंच हाय. नाही झालं तर दिवाळीनंतर राजूर."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत. वेबसाइट कशी करतात ते मला काडीचं ठाऊक नव्हतं. ऑफिस सुटल्यावर मी सरळ बसस्टँडजवळच्या भाईंच्या दुकानात गेले. भाई कूलर, पाण्याच्या मोटारी आणि कॉम्प्युटर, तिन्ही दुरुस्त करतात. त्यांचे वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे, आमच्या शाळेतले टाइपरायटर त्यांच्याच हातून गेलेले. माझी मशीनही भाईंच्याच भरवशावर जिवंत आहे. मी आग ओकत होते आणि ते शांतपणे कूलरची मोटर पुसत होते.

"ताई, टेन्शन कायले घेऊन राह्यल्या?" ते म्हणाले. "वेबसाइट बनवाचा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामासारखाच राहते. आपल्या मशीनले कोणता पचते, तेवढंच पाहाचं. देखते ना, क्या होता है."

दुसऱ्या दिवसापासून भाई पेन ड्राइव्हवर प्रोग्राम आणू लागले आणि आम्ही सोयरिक जुळवायला बसल्यासारखे एकेक पाहू लागलो. पहिला दिसायला फार देखणा होता, पण क्षणोक्षणी त्याला नेट पाहिजे. आमचं नेट म्हणजे वारा सुटला तरी जाते. त्याला मी उभं केलं नाही. दुसऱ्यानं मशीन पाहूनच नकार दिला, हे यंत्र फार जुनं आहे म्हणाला. मी त्याला जे सुनावलं ते भाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिसरा बसला. अगदी सहज बसला. मी खूश होऊन दाखल्याचा नमुना उघडायला गेले, तर जुना ऑफिस प्रोग्राम उघडेना. पडद्यावर एक खिडकी येई आणि मिटून जाई. तिसऱ्यानं बसता बसता जुन्या प्रोग्रामच्या खालची वीटच काढून घेतली होती. आणि त्याच वेळी दारात एक बाप पोराचा दाखला मागायला उभा. नागपूरच्या माणसाचं म्हणणं खरं ठरतं की काय, हा विचार मनात आला, त्याचाच मला जास्त राग आला.

"घाबरू नोका," भाई म्हणाले. "हात लावाच्या आधी मी सगळी मशीन जशीच्या तशी उतरवून ठेवलती." त्यांनी तिसऱ्याला काढलं, मशीनला आदल्या दिवशीच्या जागी नेऊन ठेवलं, आणि जुनं ऑफिस खाकरत उघडलं. त्या बापाला चहा होईपर्यंत दाखला मिळाला. त्याला काही पत्ताही लागला नाही.

मग मात्र मी ठरवलं की आता आपल्या अटींवर. आम्हाला असा प्रोग्राम पाहिजे जो आपल्यापुरतं आपलं सामान सोबत आणील आणि दुसऱ्याच्या फडताळाला हात लावणार नाही. पानं नेट नसतानाही करता आली पाहिजेत. आणि शेवटची अट मी हट्टानं घातली, की पानं वर चढवताना नेट गेलं तर परत आल्यावर त्यानं जिथं थांबलं तिथून पुढं चालावं, पहिल्यापासून रडत बसू नये. भाई म्हणाले, इतक्या अटी तर पोरीचा बापही घालत नाही. पण आणला त्यांनी. लहानसा, फुकटचा, दिसायला साधा. तो बसला, जुनं ऑफिस उघडलं, मराठीचा प्रोग्राम उघडला, निकालपत्रक उघडलं, आणि तिन्ही एकाच वेळी उघडे ठेवून मी खुर्चीत मागे रेलले. भाड्यानं दिलेल्या खोलीला वेगळं दार असावं, तसा तो नवा प्रोग्राम राहत होता. सगळे नांदत होते. नांदत नाहीत म्हणे.

पुढचे दिवस मी नुसती उडत होते. शाळेचा इतिहास, प्रवेशाची माहिती, निवृत्त गुरुजनांचं पान, सगळा मजकूर जुन्या मराठी प्रोग्राममध्ये माझा टाइप केलेला तयारच होता. उचलायचा आणि नव्या पानावर ठेवायचा. अक्षरं अशी सुबक बसली की मी ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. सचिव साहेबही येऊन पाहून गेले, "छान" म्हणाले. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग जायाचं नाही ना तुले राजूरले?" मी म्हटलं, "हॅट, कायचं राजूर."

अष्टमीच्या सकाळी भाई आले. नमुन्यादाखल एक पान आम्ही वर चढवलं आणि त्यांनी ते आपल्या फोनवर उघडलं. फोन माझ्यापुढे धरला. शाळेच्या इतिहासाच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा होता. माझ्या पडद्यावर तेच पान अस्सल मराठीत दिसत होतं.

"हे काय हो भाई?"

भाईंनी कपाळावर हात मारला. "ताई, आपुन दोघंही येडे. ही अक्षरं फक्त आपल्या मशीनलेच वाचता येतात. जुना फाँट. दुनियेत दुसऱ्या कोणाजवळ तो नाही."

इकडच्या कोणत्याही ऑफिसात ही चूक होईल, असं मी आज छातीठोकपणे सांगते. वर्षानुवर्षं आम्ही त्याच अक्षरांत टाइप केलं, त्याच मशीनवर वाचलं, तिथूनच कागदावर छापलं. कागदाला फाँट लागत नाही, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही. पण त्या सकाळी मला हे शहाणपण सुचत नव्हतं. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी जो दिसेल त्याच्यावर ओरडते. भाईंवर ओरडले. त्यांनी ओरडू दिलं.

मजकूर आपोआप बदलून देणारं एक साधन त्यांनी लावून पाहिलं. त्यानं अक्षरं बदलली, पण रफार भलत्याच डोक्यावर आणि वेलांट्या शेजारच्या घरी. पहिलीच्या बाईंची मुलगी मी. असलं पान शाळेच्या नावानं मी जगाला दाखवणार नव्हते. "सगळं नव्यानं टाइप करतो," मी म्हटलं.

"दुसरा कीबोर्ड शिकाले टाइम कुठं हाय ताई?"

इथं माझ्या नशिबानं साथ दिली, किंवा भाईंच्या वडलांच्या पुण्याईनं म्हणा. भाईंनी शोधून एक कीबोर्डची मांडणी आणली. अक्षरं नवी, सगळ्या जगाला वाचता येणारी, आणि कळा मात्र जुन्या टाइपरायटरच्या. त्यांनी ती बसवली आणि म्हणाले, "मारा हात." मी डोळे मिटले आणि बोटं ठेवली. तरणी होते तेव्हा ज्या कळांवर बोटं सोलली, त्याच कळा. बोटांना काही नवं सांगावं लागलं नाही. पाहता पाहता इतिहासाचा पहिला परिच्छेद उतरला. भाईंनी तो फोनवर उघडला आणि मोठ्यानं वाचला. चिवडा नाही, मराठी. मला आनंद झाला तर तो लपवता येत नाही. मी भाईंना आणि शिपायाला कचोरी खाऊ घातली आणि पुन्हा टायपिंगला बसले. अष्टमी गेली, नवमीची सकाळ गेली, मशीनशेजारी टेबलफॅन गरगरत होता आणि मी बडवत होते. दुपारी आईला वाढायला तेवढी उठले.

नवमीला आमच्या ऑफिसात मशीनींची पूजा असते. सचिव साहेब स्वतः ताट घेऊन फिरतात. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. एकदा कुंकू लागलं की त्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही, ते हलवायचं नाही, थेट दसऱ्याच्या रात्रीपर्यंत त्याला विश्रांती. हा नियम साहेबांनीच घातलेला. एका वर्षी एका शिक्षकानं पूजेनंतर गुणपत्रक काढायला मशीनला हात लावला, तर साहेब त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नव्हते.

दुपारनंतर माझं टायपिंग संपलं. शाळेच्या स्नेहसंमेलनांचे फोटो आणि सगळी पानं मी नव्या प्रोग्रामला दिली आणि "चढव" म्हटलं. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. आधी फोटो, मग पानं. नेट येत होतं, जात होतं. पण तो साधा प्रोग्राम शब्दाला जागला. जिथं थांबे तिथून पुन्हा निघे. फोटो अर्धेही चढले नव्हते आणि दारातून अगरबत्तीचा वास आला.

"साहेब, माझ्या मशीनची पूजा शेवटी करा," मी म्हटलं. त्यांनी शेवटी केली. तरी पट्टी चालूच. त्यांनी मशीनच्या कपाळावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पडद्याला झेंडूची माळ घातली, नमस्कार केला आणि मग डोळे उघडून पाहिलं.

"मॅडम, ही चालू हाय."

"हो साहेब."

"बंद करा. पूजेतली मशीन चालू ठेवत असतात का कोणी? अन् मले ऑफिसले कुलूप लावाचं हाय."

आता बंद केली तर उद्या संध्याकाळी पडदा कोरा, आणि दिवाळीनंतर राजूर. आणि त्याच क्षणी साहेबांचाच नियम माझ्या मदतीला धावून आला. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. "साहेब, तुम्ही कुंकू लावलं ना आता. मी कशी हात लावू? शिपायाले सांगा, तो लावते का पाहा."

शिपाई दोन पावलं मागे सरकला, भाई दाराजवळच्या बटनांकडं वळले. साहेबांनी स्वतःचा हात पुढं नेला, माळेपर्यंत नेला, आणि मागे घेतला. देवाधर्माच्या बाबतीत माणूस पक्का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता बोलणं बसणार. पण त्यांच्या मिशीच्या एका टोकाला हसू होतं. "तुम्ही लय पोचलेल्या हा, मॅडम," ते म्हणाले आणि चालू मशीनवर बाहेरून कुलूप लावून घेतलं.

दसऱ्याची सकाळ मी कशी काढली ते माझं मला माहीत. पुरणाचं पाणी आटत होतं आणि मी फोनवर आमची वेबसाइट उघडत होते. त्यावर एकच ओळ: लवकरच येत आहे. मग गावातली लाइट गेली. तसा माझा जीवही गेला. मी भाईंना फोन लावला आणि काही बोलायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "ताई, काल साहेब कुलूप लावून राह्यले होते ना, त्याच्या आधीच मी ऑफिसातले सगळे पंखे अन् ट्यूबलाइट बटनापासून बंद करून आलतो. इन्व्हर्टर पुरा एकट्या मशीनचा हाय. पुरणपोळी करा."

पुरणपोळ्या केल्या. आईला ताट वाढलं, तिचा हात धरून पोळी कुठं, कटाची आमटी कुठं ते दाखवलं. ती जेवत असतानाच मी पुन्हा एकदा फोन उघडला. शाळेचं फाटक, वर शाळेचं नाव, खाली इतिहास, प्रवेश, सूचना. सगळं मराठीत, वेलांट्या ज्याच्या त्याच्या घरी. तिकडं बंद ऑफिसात झेंडूच्या माळेखाली माझ्या म्हाताऱ्या मशीननं एकटीनं काम तडीस नेलं होतं. मी ताटासमोर बसूनच ओक्साबोक्शी रडले. आईनं जेवण थांबवलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही माय, जिंकलो."

संध्याकाळी हॉल भरला होता. साहेबांनी नागपूरच्या माणसालाही बोलावलं होतं. भाईंनी आपला फोन प्रोजेक्टरला जोडला, पडद्यावर शाळा उमटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुने विद्यार्थी आपापल्या फोनवर स्नेहसंमेलनाचे फोटो शोधू लागले, नऊवारीतला कोण, पेशव्याच्या पागोट्यातला कोण. नागपूरचा माणूस माझ्याजवळ आला आणि त्यानं मोकळेपणानं विचारलं, जुन्या ऑफिसला धक्का न लावता हे कसं बसवलं. मी म्हटलं, भाईंना विचारा. भाईंनी त्याला आपट्याचं पान दिलं आणि म्हणाले, "दुकानावर या, चहा पीत सांगतो."

साहेबांनी मला सोनं दिलं. मी पाया पडायला वाकले. "राजूरले दुसरा माणूस पाहू, मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही गेल्या तर त्या मशीनले कोण सांभाळीन?" कोण सांभाळीन म्हणजे. मी आहे ना.

घरी आले तेव्हा आई दाराशीच बसली होती. तिच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि फोनला म्हटलं, वाच. नवी अक्षरं फोनला वाचता येतात, हे भाईंनी मला त्याच संध्याकाळी दाखवलं होतं. फोन निवृत्त गुरुजनांचं पान वाचू लागला. एकेक नाव येत गेलं आणि मग आईचं आलं. आई ताठ झाली. फोन पुढं म्हणाला, पहिलीच्या या बाईंनी गावातल्या अर्ध्या लोकांना पहिलं अक्षर शिकवलं.

आई आपट्याचं पान बोटांनी चाचपत राहिली.

"अर्ध्या काहून लेहलं?" ती म्हणाली. "अर्ध्याच्या वर असतीन." मग म्हणाली, "अन् त्या वाचणाऱ्याले सांग, जरा थांबून थांबून वाच म्हणा. पोरायले समजत नाही."

मी हसले. ती हसली नाही. पान मुठीत धरून तिनं माझ्या आवाजाकडं तोंड केलं.

"मंग उद्या दुपारी जेवाले वाढाले येतं ना तू?"

"येतो ना माय," मी म्हटलं. "रोजच येतो."